दूरस्थ लॉग-इनचे स्वयंचलन : सोय आणि सुरक्षितता

प्रस्तावना : बालाघाट जिल्ह्यातील बिरसा येथील एखाद्या शाळेच्या संगणकावरील निकालाची माहिती रोज रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी घ्यावयाची आहे, अशी कल्पना करावी. लॉग-इन करताना यंत्र परवलीचा शब्द विचारते आणि त्या वेळी उत्तर देण्यास कोणी नसते. म्हणून उत्तर देणारी स्क्रिप्ट लिहिली जाते. तिच्या सुरक्षिततेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी : टेलनेटमध्ये परवलीचा शब्द उघड्या रूपात जातो. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असे शब्द चोरले गेल्यावर तातु इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केले. एसएसएच हा शब्द थेट टर्मिनलवरून वाचते. त्यामुळे नेहमीच्या इनपुटमधून तो पुरविता येत नाही. डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये मांडलेले 'एक्स्पेक्ट' आभासी टर्मिनल उभे करून ही अडचण दूर करते. अपेक्षित प्रश्न दिसला की ते ठरलेले उत्तर पाठविते.

धोके : परवलीचा शब्द स्क्रिप्टमध्ये लिहिल्यास तो प्रत्येक बॅकअपमध्ये जातो. आज्ञेसोबत दिल्यास चालू प्रक्रियांच्या यादीत इतरांना दिसू शकतो. शिवाय एक्स्पेक्ट मुळात दहा सेकंदच थांबते. प्रश्न आला नाही आणि तशी तरतूद नसली, तर ते पुढची ओळ चालविते. अशा वेळी शब्द भलत्याच ठिकाणी पाठविला जाऊन नोंदवहीत उघडा पडू शकतो. अनोळखी यंत्राबाबतच्या प्रश्नाला आपोआप 'होय' म्हणणे तर तोतयाला दार उघडण्यासारखे आहे.

उपाय : शब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरावी. सार्वजनिक किल्ली दूरच्या यंत्रावर ठेवावी. खाजगी किल्ली मालकालाच वाचता येईल अशी ठेवावी. रात्रीच्या कामासाठी वेगळी किल्ली करून तिला ठरावीक पत्ता व एकच आज्ञा यांपुरते बांधून ठेवावे. म्हणजे किल्ली चोरीस गेली तरी हानी मर्यादित राहते. दूरच्या यंत्राच्या किल्लीचा ठसा पहिल्या वेळी दूरध्वनीवरून पडताळून नोंदवावा. किल्ली न स्वीकारणाऱ्या जुन्या उपकरणासाठीच एक्स्पेक्ट वापरावे. त्यातही वेळ संपताच काम थांबेल अशी तरतूद करावी आणि परवलीचा शब्द वेगळ्या, संरक्षित फाइलमध्ये ठेवावा.

निष्कर्ष : विद्यार्थ्यांची माहिती ही संस्थेकडे सोपविलेली अमानत आहे. स्क्रिप्टला कामापुरताच अधिकार देणे, हेच त्या अमानतीचे खरे रक्षण होय.