पाण्याची वाट आणि पाण्याची चव

कडं न बांधलेली, उघडी विहीर दिसली की मी थांबतोच. आत डोकावल्यावर जे दिसतं, ते कुठल्याही आकृतीपेक्षा बोलकं असतं. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला दगड आणि तळाशी घणालाही दाद न देणारा काळा पाषाण. मध्येच विटकरी रंगाचा एखादा हातभर पट्टा. लाव्हाचा एक थर थंड झाल्यावर दुसरा त्यावर येईपर्यंत जो काळ गेला, त्यात कुजलेल्या खडकाची ती खूण. मे महिन्यात पाणी खाली गेलं की आणखी एक गोष्ट उघडी पडते. झरे सगळ्या कड्यातून येत नाहीत. दोन थरांच्या सांध्यातून, एखाद्या आडव्या भेगेतून, ठरावीक जागीच पाझर लागलेला असतो आणि तेवढीच जागा शेवाळाने हिरवी दिसते.

पार्श्वभूमी थोडक्यात. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग लाव्हाच्या या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने, व्यापलेला आहे आणि त्याचं वय साधारण 6.6 कोटी वर्षं. जमिनीखालचं पाणी किती वेगाने वाहील, ते पातळीच्या उतारावर आणि खडकाच्या पारगम्यतेवर अवलंबून असतं. हा नियम फ्रेंच अभियंता आंरी दार्सी याने 1856 मध्ये वाळूतून पाणी सोडून मांडला. आपल्याकडे राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते.

आता पुन्हा विहिरीकडे. झिजलेल्या बेसाल्टमधून उपसता येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या जेमतेम दोन टक्के धरलं जातं. नदीकाठच्या वाळूच्या गाळात हाच आकडा सोळाच्या आसपास असतो. म्हणजे आपल्या विहिरीची पातळी मीटरभर उतरली, तेव्हा त्या शिवारातून दोन सेंटिमीटर उंचीचं पाणी गेलं. चार पावसांत विहीर तुडुंब होते आणि दिवाळीनंतर पंप लागले की भराभर रिकामी होते, त्याचं सगळं इंगित या दोन टक्क्यांत आहे.

चवीचं शास्त्र मला याहूनही मोहवतं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. मातीतून उतरताना ते मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवू लागतं. असं जड पाणी आपल्या आयाबायांनी प्रयोगशाळेआधी ओळखलं: डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पाणी जमिनीत जास्त काळ रेंगाळलं की चिकणमाती त्यातलं कॅल्शियम धरून ठेवते आणि सोडियम सोडते. म्हणून कॅल्शियम आणि सोडियम यांचं प्रमाण पाहून जाणकार सांगतो, हे पाणी नुकतं मुरलेलं की फार दिवसांचं.

पुरंदर तालुक्यात एका शेतकऱ्याने मला त्याच्या दोन विहिरी दाखवल्या. गावाच्या वरच्या अंगाची गोड, गावठाणाच्या खालची मचूळ. "दादा, ओढा एक, पाऊस एक, मग असं का?" त्याचा प्रश्न रास्त होता. खिशातला क्षारमापक बुडवला, तर खालच्या विहिरीचा आकडा वरचीच्या दुपटीहून मोठा. खालच्या विहिरीचं पाणी उकिरडे, शोषखड्डे आणि खताच्या वावरांखालून येत होतं. अशा पाण्यात नायट्रेट असण्याची शक्यता मोठी आणि त्याला ना रंग ना वास. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर नको. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. तान्ह्या बाळांना त्याचा सर्वांत मोठा धोका.

इथे वराहमिहिर आठवल्यावाचून राहवत नाही. सहाव्या शतकातल्या त्याच्या बृहत्संहितेत भूजलावर दकार्गल नावाचा अख्खा अध्याय आहे. त्याच्या आरंभीच तो म्हणतो, माणसाच्या अंगात जशा शिरा तशा जमिनीत पाण्याच्या. आणि आकाशातून एकाच चवीचं पडलेलं पाणी मातीगणिक वेगळ्या चवीचं होतं. वारुळं आणि झाडं पाहून पाणी शोधण्याचे त्याचे सगळे ठोकताळे मी मानत नाही. पण प्रवाह आणि गुण यांचा विचार त्याने एकत्र केला, याचं मला अपार कौतुक आहे. आजही या दोन गोष्टी वेगळ्या कागदांवर राहतात: पातळीचा तक्ता एकीकडे, तपासणीचा अहवाल दुसरीकडे.

हे तोडणं किती महाग पडतं, ते बोअरवेल दाखवते. आपल्याकडे केसिंग पाइप बहुधा मुरमापुरता टाकतात, खालचं भोक उघडंच. एकावर एक मजले असलेल्या घरात सगळ्या स्लॅब भेदून नळी खाली न्यावी, तसं हे काम. वरच्या थरातलं, विहिरींना पुरणारं पाणी त्या भोकातून खाली निसटतं आणि वरचं नायट्रेटही सोबत जातं. एका बोअरने दोन थर बिघडतात. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घातला, तो योग्यच आहे. शिवारात मात्र गाड्या रात्रभर खडक फोडतात. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम स्वतःवर घालून घेतला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. ते गाव मला म्हणूनच थोर वाटतं.

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने ऑक्टोबर आणि मे महिन्यांत गावातल्या चार-पाच विहिरींची पातळी, क्षार आणि नायट्रेट मोजून एकाच वहीत लिहावं, आणि ग्रामसभेत ती वही वाचल्याशिवाय नव्या बोअरला संमती देऊ नये.