हिरवळीला चाई पडते तेव्हा

हिरव्यागार लॉनमध्ये एके सकाळी ताटलीएवढा पिवळट डाग दिसतो. बघता बघता तिथली माती उघडी पडते, डोक्याला चाई पडावी तशी. आपण घाबरून पाणी घालतो, खत टाकतो. थांबा! आधी त्या डागाकडे नीट बघा. त्याच्या कडा, त्याचा आकार, सगळं काही बोलत असतं.

समजा, लॉन हरळीचं आहे. हरळी म्हणजे आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतात हिच्यापुढे भलेभले हात टेकतात. कुळव फिरवा, काशा वेचा, पाऊस पडला की ही हजर. गुरं चरली तरी ती मरत नाही, कारण गवताचा वाढणारा कोंब पात्याच्या टोकाला नसतो, पार खाली बुडाशी दडलेला असतो. मग इतकं चिवट गवत आपल्या दारात, एवढ्या लाडात, मरतं कसं?

डाग मधोमध जळलेला आहे आणि भोवती गर्द हिरवं वलय आहे? घरात कुत्रा आहे का, आठवा. त्याच्या मूत्रात युरिया असतो. हो, पोत्यातून येतो तोच! मध्यभागी नत्राचा मारा इतका की गवत करपतं. कडेपर्यंत तोच मारा पातळ होतो आणि गवताला खुराक मिळतो. विष आणि खत यांच्यात वीतभर अंतर! लगेच बादलीभर पाणी ओतलं, तर मधलं गवतही वाचतं.

आता दुसरा डाग. वेडावाकडा, रोज पसरणारा, त्यावर साळुंक्या टोचा मारतायत. मूठभर गवत धरून हलकेच ओढा. सतरंजीसारखं उचलून आलं? मग खाली मुळंच उरलेली नाहीत. माती उकरा, अर्धचंद्रासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या दिसतील. ही हुमणी. हिची गोष्ट सुरू होते पहिल्या पावसानंतर, तिन्हीसांजेला. जमिनीतून भुंगेरे निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं आणि मादी मातीत परतून अंडी घालते. म्हणजे सप्टेंबरमध्ये दिसलेल्या डागाची सुरुवात जूनमध्येच, कुंपणापलीकडच्या कडुनिंबावर झालेली! आणि हिचा काळही मातीतलाच असू शकतो: मेटारायझियम नावाची बुरशी. तिचे बीजाणू अळीला चिकटतात, कातडीतून आत शिरतात, आणि मेलेली अळी हिरव्या भुकटीने माखते. उसाच्या शेतात हुमणीवर हीच बुरशी सोडतात.

पायवाटेवरचा डाग सोपा. स्क्रूड्रायव्हर मातीत शिरत नसेल तर मुळांना हवाच मिळत नाहीये.

झाडाखालचा डाग मात्र मला सगळ्यांत नवलाचा वाटतो. पाणी आहे, खत आहे, कीड नाही, तरी गवत विरळच. का? हरळी ऊस, मका, ज्वारी यांच्याच कुळातली. हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी पकडायचा, मग पानातल्या खास कोशिकांत दाटीवाटीने कोंबायचा, असा या मंडळींचा पंप आहे. भर उन्हात त्याला तोड नाही. पण पंप चालवायला जादा ऊर्जा लागते. ती उन्हातूनच यायची! सावलीत आवक घटते, खर्च तोच राहतो. आंब्याच्या दाट सावलीत हरळी उपाशी मरते. तिथे पुन्हा पुन्हा लावू नका. फांद्या विरळ करा, नाहीतर सावलीत रमणारं दुसरं काही लावा.

कारण दूर झालं की दुरुस्ती पावसाळ्यात करा. चार बोटं माती मोकळी करा, कुजलेलं शेणखत मिसळा. मग शेजारच्या हिरवळीतली लांब सरपटणारी धावती खोडं कापून त्यांचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करा, उसाची टिपरी करतो तसे.

आणि इथे खरी गंमत आहे. अखंड खोडावर शेंड्याचं राज्य असतं. तिथून उतरणारं ऑक्झिन नावाचं द्रव्य मागच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. कात्री चालली की राजा गेला! प्रत्येक तुकड्यातले डोळे जागे होतात, वर कोंब, खाली मुळं. शेतात कुळवाने तुटलेली हरळी दसपट का होते, ते कळलं ना? तेच तुकडे आता डागात खोवायचे, एक डोळा मातीत आणि टोक बाहेर, आणि तळपायाने हलकेच दाबायचे. ओल टिकली तर थोड्याच दिवसांत त्या टोकाशी सुईएवढा हिरवा कोंब दिसतो, आणि काही आठवड्यांत त्यातूनच नवं धावतं खोड उघड्या मातीवर सरपटू लागतं.