खिशातले इरले

कोकणात भाताची लावणी भर पावसात चालते. दोन्ही हात चिखलात, मग छत्री धरायची कोणी? म्हणून लावणी करणारी माणसे इरले घेत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पाने. त्याने डोके आणि वाकलेली पाठ झाकली जाई. इरले नसेल तर गोणपाटाची खोळ. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसायचा आणि डोक्यावरून पाठीवर सोडायचा. अलिबाग, पेण, रेवदंडा या बाजूंनी इस्राएलला आलेल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना हे शब्द ओळखीचे असतील.

इथे नेगेवमध्ये लावणी नाही, पण टियूल आहे. टियूलला गेलेले मूल वाट चुकले आणि रात्र झाली, तर त्यालाही इरलेच लागते. मित्स्पे रामोन समुद्रसपाटीपासून 800 मीटरहून उंच आहे. वाळवंटात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच झपाट्याने निवते. हिवाळ्यात रात्री पारा शून्याजवळ जातो. शरीराचे तापमान 35 अंशांखाली उतरले की जिवाला धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते, मग बोलणे अडखळते, पाय लटपटतात आणि काय करावे ते सुचत नाही. म्हणून निवारा डोके ठिकाणावर असतानाच करायचा असतो, आणि त्याचे सामान खिशातच असावे लागते. तंबू घरी राहतो, खिसा बरोबर येतो.

सामान

कचऱ्याच्या दोन जाड, मोठ्या पिशव्या (सुमारे 75 सेंटीमीटर रुंद, 90 सेंटीमीटर लांब, याहून मोठ्या मिळाल्या तर उत्तम). सहा-सात मीटर नायलॉनची बारीक दोरी. पेन्सिलीच्या तुकड्यावर गुंडाळलेली एक-दोन मीटर जाड चिकटपट्टी. एक शिट्टी. हे सारे घडी घालून सँडविचच्या पिशवीत मावते. बहुतेक वस्तू घरातच असतात. नसल्या तर माकोलेतमध्ये थोड्या शेकेलांत मिळतात. पिशवी भडक रंगाची मिळाली तर शोधणाऱ्यांना लांबून दिसते.

थंडी-पावसात: खोळ

एका पिशवीच्या बंद टोकाला, कोपऱ्याच्या जरा खाली, कडेला सुमारे 20 सेंटीमीटरची चीर द्यावी. पिशवी उलटी करून डोक्यावरून घ्यावी. कोपरा टोपीसारखा डोक्यावर बसतो आणि चिरेतून चेहरा बाहेर राहतो. चेहरा कधीही पिशवीत झाकू नये, श्वास कोंडतो. दुसऱ्या पिशवीत पाय घालून ती कमरेपर्यंत ओढावी. वरची पिशवी खालचीच्या बाहेरून यावी, जशी वरची कौले खालच्या कौलांवर येतात. म्हणजे पाणी आत न शिरता ओघळून जाते.

मग गुडघे पोटाशी घेऊन बसावे, पण उघड्या जमिनीवर नाही. थंड जमीन अंगातली ऊब शोषून घेते. खाली दप्तर, पुठ्ठा किंवा सुक्या काटक्यांचा जाड थर असावा. प्लास्टिक स्वतः ऊब देत नाही, ते वारा आणि पाणी अडवते. ऊब धरून ठेवते ती कपड्यांत अडकलेली हवा, म्हणून सदऱ्याखाली चुरगळलेली वर्तमानपत्रे कोंबली तरी फरक पडतो. घामाची वाफ बाहेर जावी म्हणून पिशवी घट्ट आवळू नये. जवळ विस्तव पेटवू नये. प्लास्टिक वितळून अंगाला चिकटते.

उन्हात: छप्पर

उन्हाळ्यात प्लास्टिक अंगाभोवती मुळीच गुंडाळू नये. दोन्ही पिशव्यांची एक बाजू आणि तळ कापून त्या उलगडाव्यात आणि लांब कडांनी चिकटपट्टीने जोडाव्यात. सुमारे दीड मीटर बाय पावणेदोन मीटरचा पडदा होतो. कोपऱ्याला भोक पाडले तर तो फाटतो. त्याऐवजी कोपऱ्यात गोल खडा ठेवावा, प्लास्टिक त्यावर दुमडावे आणि खड्यामागे दोरी आवळावी. पडदा झुडपांना किंवा खडकांना बांधावा. चारी बाजूंनी वारा खेळता राहावा.

जागा

निवारा कितीही चांगला असला तरी चुकीच्या जागी तो घात करतो. नाहालचे कोरडे पात्र सपाट आणि आडोशाचे असते, म्हणून तिथे बसावेसे वाटते. पण पाऊस दूर डोंगरात पडतो आणि पाणी काही मिनिटांत खाली येते. डोक्यावर ढग असलेच पाहिजेत असे नाही. 26 एप्रिल 2018 रोजी मृत समुद्राजवळच्या नाहाल त्साफितमध्ये अशाच लोंढ्यात दहा तरुण-तरुणींचे प्राण गेले. म्हणून आधी पात्रातून बाहेर पडून उंचावर यावे, वाऱ्याकडे पाठ होईल असा खडक शोधावा आणि मगच पिशवी उघडावी. त्यानंतर भटकू नये. फोन लागत असेल तर पोलिसांना 100 किंवा मागेन दाविद आदोमला 101 क्रमांकावर कळवावे. फोन लागत नसेल तर थांबून थांबून शिट्टी वाजवावी. आणि घरातून निघतानाच कुठल्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, हे आईबाबांना सांगून ठेवावे.

सराव

खोळ एकदा घराच्या अंगणात, मोठ्यांच्या देखरेखीखाली करून पाहावी. अंधारात आणि गार बोटांनी पहिल्यांदा जमत नाही. लहान भावंडांच्या हाती पिशवी देऊ नये. त्याच वेळी आजी-आजोबांना विचारावे: पावसात बाहेर पडताना गावी डोक्यावर काय घेत असत? त्यांनी सांगितलेले शब्द वहीत लिहून पुढच्या वर्गाला आणावेत.