मॉनिटर घ्यायचा, तर आधी लॅपटॉपची कड बघा



बचत गटाची वही लॅपटॉपवर आली, तेव्हा काम हलकं होईल असं आम्हाला वाटलं. झालंही. पण सहा महिन्यांत हिशेब लिहिणाऱ्या आमच्या दोघींची मान आखडली. कारण साधं आहे. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात नीट ठेवले तर मान वाकते. पडदा उंच केला तर हात अधांतरी राहतात. यावर उपाय वेगळ्या मॉनिटरचा. तो आम्ही घेतला, पण आधी चूक केली. ती तुमच्याकडून होऊ नये, म्हणून आजचं बोलणं.

स्वस्तात मिळाला म्हणून आम्ही एक जुना मॉनिटर उचलून आणला. घरी येऊन बघतो, तर केबल लॅपटॉपला बसेना. मॉनिटरला व्हीजीए, लॅपटॉपला एचडीएमआय. पुन्हा तालुक्याला फेरी. कन्व्हर्टर आणला, तोही उलटा निघाला. हे कन्व्हर्टर एकाच दिशेनं चालतात. आम्हाला एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा हवा होता. तिसरी फेरी झाली आणि बैठकीत भाड्याचा हिशेब देताना आमची मान पुन्हा खाली गेली!

म्हणून दुकानात जाण्याआधी लॅपटॉपच्या दोन्ही कडांचे फोटो मोबाइलवर काढून न्या. एचडीएमआयची जागा चपटी असते, खालचे दोन कोपरे निमुळते. डिस्प्लेपोर्टचा एकच कोपरा कापलेला असतो. व्हीजीए बहुधा निळं, तीन ओळींत पंधरा छिद्रं. यूएसबी-सी म्हणजे हल्लीच्या मोबाइल चार्जरसारखं. पण प्रत्येक यूएसबी-सीतून चित्र जातंच असं नाही. लॅपटॉपचं मॉडेल सांगून विचारून घ्या. दोन्हीकडे एचडीएमआय असेल, तर सगळ्यात सोपं. कन्व्हर्टरचा खर्चच नाही.

आता आकार. मॉनिटर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा मोजतात. २४ इंच म्हणजे साधारण ६१ सेंटिमीटर. हिशेब आणि टायपिंगला २२ ते २४ इंच पुरेसा. रिझोल्यूशन १९२० बाय १०८० असावं. त्यालाच फुल एचडी म्हणतात. तेवढेच ठिपके २७ इंचांवर पसरले की अक्षर भरड दिसतं. आपल्या मराठीत अनुस्वार, रफार बारीक असतात, ते नीट दिसायला हवेत. दुकानातच मॉनिटर चालू करायला सांगा. एकदा पूर्ण पांढरा आणि एकदा पूर्ण काळा पडदा बघा. कुठे ठिपका अडकलेला असेल तर लगेच दिसतो.

जोडणी अवघड नाही. मॉनिटरची वायर बोर्डात लावा, केबल दोन्हीकडे नीट बसवा, जोर करू नका. ‘नो सिग्नल’ आलं तर घाबरू नका. मॉनिटरच्या बटणातून इनपुट किंवा सोर्समध्ये जाऊन आपली केबल ज्या जागी लावली, ते नाव निवडा. मग लॅपटॉपवर विंडोजची कळ दाबून ठेवून पी दाबा. ‘डुप्लिकेट’ निवडलं तर दोन्हीकडे एकच चित्र दिसतं. ‘एक्स्टेंड’ निवडलं तर दोन वेगळे पडदे मिळतात. आम्ही एकीकडे बँकेचं स्टेटमेंट उघडतो, दुसरीकडे गटाचं खतावणीचं पान. रक्कम जुळवताना खालीवर करावं लागत नाही. अक्षरं बारीक वाटली तर डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के करा. रिझोल्यूशन कमी करू नका, अक्षर धूसर होतं.

शेवटी, ज्यासाठी हे सगळं केलं ती मान. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. स्टँड बुटका असेल तर खाली जाड वह्यांचा किंवा लाकडी पाट ठेवा. अंतर हातभर. खिडकी पाठीमागे नको, बाजूला हवी, म्हणजे पडद्यावर चकाकी येत नाही. वेगळा कीबोर्ड आणि माउस घेतला तर हातही मोकळे राहतात. आणि दर वीस मिनिटांनी नजर वर उचलून लांब, अंगणातल्या झाडाकडे बघा.

मानदुखी थांबत नसेल, हाताला मुंग्या येत असतील, तर मात्र मॉनिटरवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आमच्या गटात आता नियम आहे : आधी फोटो, मग दुकान. तुमच्याही गटात करून बघा.