बिनपगारी फुटबॉल

डब्लिन शहराच्या पश्चिमेला न्यूकॅसल नावाचं गाव आहे. तिथे 1912 साली क्षयरोग्यांसाठी पीमाउंट हे आरोग्यधाम उघडलं. क्षयाने आयर्लंडमध्ये घरंच्या घरं रिकामी होत होती, तेव्हा तिथल्या ब्रिटिश व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी अॅबरडीन यांनी स्थापन केलेल्या महिलांच्या आरोग्य संघटनेने हे काम अंगावर घेतलं. शंभर वर्षांनंतर पीमाउंट हे नाव आयरिश फुटबॉलमध्ये महिलांच्या एका क्लबमुळे घेतलं जातं. पीमाउंट युनायटेडने 2010 साली देशाचा महिला चषक जिंकला आणि पुढच्या वर्षी युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये पॅरिस सें-जर्मेंशी सामने खेळले. पॅरिसने दोन्ही सामने जिंकले. त्यात नवल नाही. पण चषक जिंकला तेव्हा पीमाउंटच्या मुली कोणत्या लीगमध्ये खेळत होत्या, हे पाहिलं तर ती मजल किती लांबची होती ते कळतं.

ती लीग म्हणजे डब्लिन विमेन्स सॉकर लीग. नव्वदच्या दशकात ती आकाराला आली, आणि पुढे मुलींच्या मेट्रोपोलिटन लीगशी एकत्र येऊन ईस्टर्न विमेन्स फुटबॉल लीग झाली. हौशी लीग, म्हणजे खेळाडूला पगार नाही, उलट वर्षाची वर्गणी तिनेच भरायची. शिक्षिका, नर्स, विद्यार्थिनी, दुकानात काम करणाऱ्या, लहान मुलांच्या आया असे संघ. संघांचे वेगवेगळे विभाग असतात, वर चढणं आणि खाली घसरणं असतं, चषकाच्या स्पर्धा असतात. जूनमध्ये डब्लिनला सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसभराची नोकरी आटोपूनही नव्वद मिनिटांचा पूर्ण सामना उजेडात होऊ शकतो. हिवाळ्यात दुपारी साडेचारलाच अंधार पडू लागतो आणि मग सगळा प्रश्न दिव्यांवर येऊन ठेपतो.

फुटबॉलच्या नियमांनुसार एका संघाचे सातपेक्षा कमी खेळाडू हजर असतील तर सामना सुरूच होत नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये या नियमाची कुणाला आठवणही होत नाही. हौशी लीगमधल्या व्यवस्थापक बाईंना मात्र तो आकडा सामन्याच्या आदल्या रात्री झोपू देत नाही. एकीची रात्रपाळी संपलेली नसते, दुसरीची परीक्षा, तिसरीच्या बाळाला ताप. त्यात आयर्लंडची स्वतःची एक खास अडचण आहे, ती म्हणजे गेलिक फुटबॉल. हा पंधरा जणींचा, हातापायांनी खेळायचा देशी खेळ. महिलांची त्याची संघटना 1974 साली स्थापन झाली, आणि 2019च्या अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्कवर 56 हजारांहून जास्त प्रेक्षक होते. गावातल्या चपळ मुली बहुधा दोन्ही खेळ खेळतात. दोन्हीकडचे सामने एकाच दिवशी आले की गावाच्या गेलिक संघाला नाही म्हणणं जड जातं, कारण तिथे आई खेळलेली असते, मावशी खेळलेली असते. मग सॉकरच्या व्यवस्थापक बाई फोन घेऊन बसतात आणि अकरावी खेळाडू शोधतात.

अशा लीगमध्ये कोण कोण खेळून गेलं! 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंगचं सुवर्णपदक मिळवणारी केटी टेलर आयर्लंडकडून अकरा आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामने खेळली आहे, आणि पीमाउंटचा गणवेशही तिने घातला आहे.

आयर्लंडच्या राष्ट्रीय महिला संघाचा पहिला सामना 13 मे 1973 रोजी वेल्समध्ये झाला. आयर्लंडने तो 3-2 असा जिंकला. तिन्ही गोल पॉला गोरमचे. त्याच वर्षी डब्लिनच्या इंचिकोर भागातली सतरा वर्षांची अॅन ओब्रायन फ्रान्सच्या रॅंस क्लबने हेरली आणि नेली. पुढे तिने इटलीत लाझिओसह अनेक क्लबांकडून खेळत विजेतेपदांची रांग लावली. इतक्या मोठ्या खेळाडूच्या वाट्याला देशाकडून मोजकेच सामने आले. तिला पगार देऊ शकेल अशी एकही जागा मायदेशात नव्हती. मागे राहिलेल्यांनी खेळ चालू ठेवला तो स्थानिक लीगांच्या आधाराने, स्वतःच्या पैशाने.

2011 साली राष्ट्रीय महिला लीग सुरू झाली. सुरुवातीला सहा संघ. पीमाउंट, रहीनी युनायटेड असे डब्लिनचे बलवान क्लब वर निघून गेले आणि प्रादेशिक लीग एका फटक्यात दुसऱ्या पायरीवर आली. ही राष्ट्रीय लीग हवीच होती. मात्र तिच्यात शिरायचं तर क्लबने अर्ज करून परवाना मिळवायचा. प्रादेशिक लीग जिंकली म्हणून दार आपोआप उघडत नाही. म्हणून खालची लीग ही नुसती शिडी आहे असं समजणं चुकीचं ठरतं. तिथल्या बहुतेक जणींना वर जायचंच नसतं. त्यांना खेळायचं असतं.

ऑक्टोबर 2013मध्ये पीमाउंटच्या स्टेफनी रोशने वेक्सफर्डविरुद्ध एक गोल केला. चेंडू पहिल्या स्पर्शात ताब्यात घेतला, दुसऱ्या स्पर्शात वळताना बचावपटूच्या डोक्यावरून उडवला आणि जमिनीला टेकायच्या आत जाळ्यात मारला. सामन्याला प्रेक्षक शंभरही नव्हते. प्रशिक्षक आयलीन ग्लीसन यांनी त्याचं चित्रण यूट्यूबवर टाकलं, आणि वर्षातल्या सर्वोत्तम गोलच्या पुश्कास पुरस्कारासाठी जगभरच्या मतदानात रोश दुसरी आली. पहिला आला तो कोलंबियाचा हामेस रोद्रिगेस, तोही विश्वचषकातल्या गोलसाठी. एरवी असा गोल पाहणारे कोण, तर मैदानाकडेला उभे घरचे लोक.

आणि तरीही 2017च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय संघाच्या मुलींना डब्लिनच्या लिबर्टी हॉलमध्ये, कामगार संघटनेच्या इमारतीत, पत्रकार परिषद घ्यावी लागली. परदेशी जाताना घालायचे ट्रॅकसूट दुसऱ्या संघांबरोबर वाटून वापरावे लागतात आणि ते विमानतळाच्या स्वच्छतागृहात बदलून परत करावे लागतात, असं त्यांनी देशाला सांगितलं. कर्णधार एमा बर्न पुढे होती. ते ऐकून अनेकांना धक्का बसला. हौशी लीगमधल्या बायकांना बसला नसावा. पुरुषांच्या संघाचं आवरेपर्यंत कपडे बदलायला थांबायचं किंवा गाडीतच बदलायचे, ही त्यांची जुनी सवय. मुलींनी सरावावर बहिष्कार टाकला आणि काही दिवसांत तडजोड झाली. 2021मध्ये पुरुष आणि महिला संघांचं मानधन समान झालं. ऑक्टोबर 2022मध्ये ग्लासगोत अँबर बॅरेटने स्कॉटलंडविरुद्ध एकमेव गोल केला, आणि आयर्लंडचा महिला संघ पहिल्यांदा विश्वचषकात गेला. बॅरेट डनिगॉल परगण्याची. त्याच परगण्यातल्या क्रीसलॉ गावात चार दिवस आधी स्फोटात दहा माणसं गेली होती. तो गोल तिने त्यांना अर्पण केला. पुढच्या जुलैत सिडनीला 75 हजारांहून अधिक लोकांसमोर हा संघ उतरला. कर्णधार केटी मॅककेब डब्लिनच्या टॅलाटजवळच्या वस्तीत वाढलेली, एके काळी रहीनी युनायटेडची खेळाडू.

या यशानंतर प्रादेशिक लीगांना ‘राष्ट्रीय संघाची रोपवाटिका’ म्हणायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. रोपवाटिकेतली रोपं दुसरीकडे लावण्यासाठीच असतात. इथे पस्तिशीची एक डावी बचावपटू दोन बाळंतपणांनंतर तिसऱ्या विभागात परत येते, आणि तिचं परत येणं मॅककेबच्या खेळाइतकंच लीगच्या कामाचं असतं. तिला आर्सेनलसारखा बडा क्लब हेरणार नाही. तिला हवी असते ती वेळेवर ठरलेली लढत, पंच, गोलच्या खांबांना जाळी, कडी लागणारी कपडे बदलायची खोली आणि नोव्हेंबरात दिव्यांचं मैदान. यातलं पहिलं काम नोकरी सांभाळून, विनामोबदला, लीगची समिती करते. उरलेलं नगरपालिकांच्या आणि फुटबॉल संघटनेच्या हातात आहे, आणि मैदानांची वाटणी होताना महिला संघांचं नाव यादीत शेवटी येता कामा नये.