खांबावरचा दिवा आणि त्यामागची डबी



गाळप हंगाम सुरू झाला की रस्ता रात्रभर जागा असतो. उसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, रात्रपाळीचे कामगार, पाणी धरायला निघालेला शेतकरी. अशा वेळी फाट्यावरचा दिवा गेलेला असला की जिवाशी गाठ. २०१५ साली केंद्र सरकारने पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि देशात एक कोटीहून अधिक एलईडी दिवे खांबांवर चढले. विजेची बचत झाली हे खरे; पण "वळवाचा पाऊस झाला की दिवे गेलेच," ही तक्रार चावडीवर ऐकू येतेच.

मग बिघाड कुठं? पुष्कळदा दिव्यातले मणी शाबूत असतात. जळते ती त्यामागची डबी. तिला ड्रायव्हर म्हणतात.

एलईडीच्या एका मण्याला जेमतेम ३ व्होल्ट लागतात. तारेत असतात २३०. शिवाय दाब थोडा वाढला तरी मण्यातला प्रवाह एकदम वाढतो आणि मणी तापून मरतो. म्हणून ही डबी एसी विजेची डीसी करते आणि सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत हवा तेवढाच प्रवाह पुढे सोडते. चढउताराच्या रानात आपण पीसी ड्रिपर लावतो. दाब कमी-जास्त झाला तरी थेंब तेवढाच. ड्रायव्हरचे कामही तेच.

आता हिशोब पाहा. मण्यांना ३६ वॉट द्यायचे आहेत. ड्रायव्हर ९० टक्के कार्यक्षम असेल तर तारेतून ४० वॉट घेतो, ८० टक्क्यांचा असेल तर ४५. रोज ११ तास धरले तर एका दिव्यामागे वर्षाला सुमारे २० युनिटांचा फरक. शंभर दिव्यांचे झाले २,००० युनिट. हे पैसे ग्रामपंचायतीचे, म्हणजे आपलेच.

वाया गेलेली वीज जाते कुठं? उष्णतेत. डबीतला कपॅसिटर उष्णतेनेच सुकतो. ढोबळ नियम असा, की उष्णता १० अंशांनी कमी राहिली तर त्याचे आयुष्य दुप्पट होते. म्हणजे चांगला ड्रायव्हर वीज वाचवतो आणि टिकतोही.

दुसरा शत्रू तारेतलाच. वीज कडाडली की लाइनीत झटका येतो. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. पंपाच्या मोटारी कशा जळतात हे आपणास सांगायला नको!

तेव्हा ग्रामसभेत दिव्यांच्या खरेदीचा विषय निघाला की नुसता वॉट आणि दर पाहू नका. चार गोष्टी विचारा : ड्रायव्हरची कार्यक्षमता किती? पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर आहे का? झटक्यापासून आणि ४४० व्होल्टपासून संरक्षण आहे का? डबी बिघडली तर ती एकटी बदलता येते, की अख्खा दिवा टाकावा लागतो? आणि हमी लेखी घ्या. खांबाला अर्थिंग आहे ना, तेही पाहा. अर्थिंग नसेल तर झटक्याला जमिनीत जायला वाटच राहत नाही.

बेणे निवडताना आपण डोळा तपासून घेतो. दिवा घेतानाही डबी तपासून घ्यावी, एवढीच सर्व सभासदांना विनंती.