ब्रिक गेम

ब्रिक गेम हे तळहातावर मावणारे, पेन्सिल सेलवर चालणारे इलेक्ट्रॉनिक खेळणे आहे. १९९०च्या दशकात ते भारतात पसरले आणि मराठी घरांतून त्याला नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हटले जाई. वरून पडणाऱ्या विटा फिरवून व सरकवून आडवी ओळ भरणे हा त्यातील मुख्य खेळ होय. भरलेली ओळ नाहीशी होते. ढीग माथ्याला टेकला की डाव संपतो.

उगम

हा खेळ मूळचा ‘टेट्रिस’. अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी तो १९८४ मध्ये मॉस्को येथे, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करीत असताना रचला. चार चौकोन जोडून होणाऱ्या सात आकृत्यांवर तो उभा आहे. १९८९ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘गेम बॉय’ अमेरिकेत टेट्रिससह विकला गेला आणि खेळ जगभर पोहोचला. महागडे नवे तंत्र वापरण्यापेक्षा रुळलेले स्वस्त तंत्र कल्पकतेने वापरावे, असे निन्टेन्डोचे संकल्पक गुनपेई योकोई यांचे मत होते. ब्रिक गेमने हे मत टोकाला नेले असे म्हणता येईल, मात्र बहुतांशी परवान्याविना.

रचना

एलसीडी पडद्यावर सामान्यतः १० रकाने व २० ओळी, म्हणजे २०० चौकोन असतात. हे चौकोन काचेवर आधीच आखलेले असल्यामुळे प्रत्येक चौकोन काळा दिसू शकतो किंवा कोरा. तिसरे काही दाखविणे शक्य नसते. तरीही त्याच चौकोनांतून मोटार, रणगाडा आणि साप उभे राहतात, कारण उरलेले चित्र खेळणाराच मनात पूर्ण करतो. वेष्टनावर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात खेळ मोजकेच. वेग आणि पातळी बदलून फुगविलेली ती संख्या होती.

सेल काढले की बहुतेक खेळण्यांतील उच्चांक पुसला जाई. त्यामुळे विक्रमाचा पुरावा म्हणजे शेजारी बसलेला साक्षीदार!

आकर्षण

या खेळण्याची ओढ केवळ स्मरणरंजनाने उलगडत नाही. पुढची वीट कोणती, हे कोपऱ्यात आधीच दिसते. म्हणून हरल्यावर दोष नशिबाला देता येत नाही, आणि ‘आणखी एक डाव’ हा मोह तिथूनच सुरू होतो. विटांच्या खेळाला शेवटची पातळी जिंकून संपणे नसते, फक्त वेग वाढत जातो. शिकण्यास एक मिनिट पुरते.

दुसरे कारण भाषेचे. वेष्टनावरील व कळांवरील अक्षरे इंग्रजी असली, तरी खेळताना एकही शब्द वाचावा लागत नाही. सोलापूरसारख्या शहरात, जिथे मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारी घरे एकाच वस्तीत नांदतात, तिथे या गुणाचे मोल सहज ध्यानात येते. लहान मूल आणि निरक्षर आजी यांनाही तो सारखाच खुला असतो. विटी-दांडू वा सागरगोटे यांच्याशी त्याचे नाते इथे जुळते.

जतन

अनेक ब्रिक गेमवर निर्मात्याचे नाव वा वर्ष आढळत नाही. कोणते खेळणे कोणी व केव्हा बनविले, हे सांगणे त्यामुळे अवघड होते. उरलेली खेळणी हाच मुख्य पुरावा. आत विसरलेले सेल गळतात आणि धातूच्या स्प्रिंगा गंजतात. ठेवणीतल्या खेळण्यातून सेल आधी काढले जातात ते याच कारणाने.